ङच्या खणातला कागद

१

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी वाक्यबाईंनी ङचा खण ओढला आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. खण रिकामा होता.

आता ङचा खण रिकामा, यात नवल ते काय, असे कोणीही म्हणेल. ङने सुरू होणारा शब्द ऐकलाय कोणी? पण आबा कोशकार पडले शिस्तीचे. अक्षर आहे ना, मग त्याला खण हवाच, असे म्हणून त्यांनी सुताराकडून ङलाही खण करून घेतला होता. एकोणीस वर्षे तो सुखाने रिकामा पडून होता, आणि म्हणूनच तर वाक्यबाईंनी आपला सर्वांत मोलाचा कागद त्यात ठेवला होता. काल सकाळी अकराला वाचून परत ठेवला, आज गायब.

त्यांनी खण पूर्ण बाहेर काढला, उलटा केला, आत हात घालून मागची फळी चाचपली. शेजारचे घ आणि च उपसले. हाताला धूळ लागली, दुसरे काही नाही.

हे कोशाचे कार्यालय म्हणजे तीन खोल्या. पुढची व्यवस्थापकाची, मधली कार्डांची, आणि मागे आबांची जुनी बैठकीची खोली. मधल्या खोलीत माणसाच्या डोक्याएवढ्या उंच कपाटांच्या पाच रांगा होत्या आणि त्यांच्या खणांत चाळीस हजार कार्डे. आबांनी जन्मभर एकच कोश केला: कोर्टाचे शब्द साध्या माणसाला कळावेत म्हणून प्रत्येक शब्दाखाली रोजच्या बोलण्यातली वाक्ये देणारा. नियम कडक होते. वाक्य घरी बसून रचायचे नाही. जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायचे. बोलणाऱ्यासमोर लिहायचे नाही, तो बुजतो; बाजूला जायचे आणि पन्नास अंक मोजून व्हायच्या आत लिहून काढायचे, नाहीतर शब्द बदलतात. कार्डाच्या पुढे वाक्य. मागे कोण, कुठे, कधी. गोळा करणाऱ्याचे नाव कुठेच नाही. आणि अक्षर सर्वांचे एकच, आबांनी घटवून घेतलेले गोल, उभे, बिनचेहऱ्याचे ‘कोशाचे अक्षर’. जावई मुलगी मागायला आला, तेव्हा आबांनी आधी त्याच्याकडून हे अक्षर गिरवून घेतले आणि मग पगार विचारला, असे सांगतात.

कोशासाठी वाक्ये गोळा करता करता वाक्यबाई हेच नाव पडलेल्या बाईंचा ‘दावा दाखल करणे’ हा लाडका शब्द. त्याखालची वाक्ये त्यांना तोंडपाठ होती. ‘पुन्हा माझी छत्री नेलीस, तर भाऊबिऊ बघणार नाही, दावा दाखल करीन.’ ‘एवढा गार चहा? दावा दाखल करू का तुझ्यावर?’ दुसऱ्यांच्या तोंडचे असे दीडशे दावे दाखल करून घेतलेल्या या बाईंनी स्वतः मात्र कधी दुधात पाणी जास्त झाले म्हणूनही आवाज चढवला नव्हता.

म्हणून तर त्या फसल्या. तीन वर्षांपूर्वी आबा गेले आणि दोनच महिन्यांनी कोश छापून आला. मुखपृष्ठावर नावे दोन, आबांचे आणि जावईबापूंचे. वाक्यबाईंचे नाव आतही नव्हते. त्यांनी ते पुस्तक तीन दिवस उशाशी घेऊन झोप काढली आणि चौथ्या दिवशी कामावर आल्या. पण तीन आठवड्यांपूर्वी वचा खण अडकला म्हणून ओढून काढला, तर त्याच्यामागे घसरून पडलेला कागद मिळाला. आबांच्या हातचा, सही आणि तारखेसकट: कोशातील वाक्ये सर्वस्वी या बाईंची आहेत, माझ्या नावाशेजारी त्यांचे नाव छापावे.

तो कागद त्यांनी घरी नेला नाही, कारण वहिनी उशीच्या अभ्र्यातही हात घालून बघायची. झेरॉक्स काढली नाही, कारण दुकानदार वाचेल. फोन बटणांचा, त्यात फोटो निघत नव्हता. भीतीच्या पोटी केलेली शहाणपणाची कामे अशीच अंगाशी येतात.

काल त्यांनी कार्डांच्या खोलीच्या खिडकीशी उभे राहून वकील भाचीला फोन केला होता. रेंज तिथेच मिळे.

“मावशी, कागद नीट ठेवलायस ना?”

“ङच्या खणात. तिथे कोण मरायला जातंय?”

“आणि त्यात नेमकं लिहिलंय काय?”

“स्वच्छ लिहिलंय गं. वाक्यं सगळी माझी. एकूण एक.” एवढे बोलल्यावर वाक्यबाईंचा आवाज भरून आला होता. “गुरुवारपर्यंत दावा दाखल केला नाही, तर मी जन्मभर स्वतःच्याच पुस्तकात पाहुणी म्हणून राहीन.”

“थांब, थांब. गुरुवार कुठून काढलास? तू प्रकाशन समारंभाची तारीख धरतेस. पुस्तक विक्रीला आदल्या दिवशीच आलं, दुकानाची पावती आहे माझ्याकडे. दाव्याच्या मुदतीची तीन वर्षं बुधवारी भरतात. बुधवारी संध्याकाळी पाचला खिडकी बंद झाली की विषय संपला. आणि मूळ कागद हवा. नुसत्या तोंडच्या शब्दावर मी काय उभी राहू?”

“बरं बाई, तसं तर तसं,” एवढेच वाक्यबाई म्हणाल्या होत्या आणि फोन ठेवला होता.

आज मंगळवार. ङच्या खणाचे नाव त्यांनी आयुष्यात एकदाच मोठ्याने उच्चारले होते, काल, त्या खिडकीशी. म्हणजे कपाटांच्या रांगांमध्ये तेव्हा कोणीतरी उभे होते.

२

बाहेरचे कोणी येत नसे. कार्यालयात वाक्यबाईंशिवाय तीनच माणसे: जावईबापू, त्यांची बायको म्हणजे आबांची लेक, आणि मास्तर. तिघांपैकी एक. हा हिशेब करायला गुप्तहेर लागत नाही. पण त्यापुढचा करायला वाक्यबाईंकडे दुसरे काय होते? पोलिसांत जायचे तर कागद होता हे आधी सिद्ध करायला हवे. त्यांना एकच विद्या येत होती, माणसे काय बोलतात ते नीट ऐकण्याची. पदराने हात पुसून त्या पुढच्या खोलीत गेल्या.

जावईबापू टेबलाशी पेन्सिलींना टोके काढत बसले होते. माणूस ओरडणारा नव्हता. ओरडला असता तर बरे झाले असते.

“बसा बाई. दुसऱ्या आवृत्तीला ‘दावा दाखल करणे’ची वाक्यं वाढवायचीत, लक्षात आहे ना? सगळ्यांना सांगितलंय, या महिन्यात तेवढंच गोळा करा. पेटीत फारशी पडलेली दिसत नाहीत.”

“पडतील,” वाक्यबाई म्हणाल्या. “एक विचारायचं होतं. कार्डांच्या खोलीत एक जुना कागद होता माझा. कुणी हलवला का?”

टोकयंत्र थांबले. “कसला कागद?”

“जुना. खाजगी.”

जावईबापूंनी पेन्सिलीवर फुंकर मारली. “बाई, आडून आडून कशाला? तुम्ही कोर्टाच्या फाटकात दिसलात हे मला घरात कळलं. मग मीही वकिलाला विचारून ठेवलं. उद्या पाचच्या आत दावा दाखल केलात, तर बसू समोरासमोर. नाही केलात, तर परवा नेहमीसारख्या दहाला या, काम पडलंय.” ते हसले. “सासऱ्यांनी काही लिहून ठेवलंय असं म्हणणं असेल, तर दाखवा की. आहे का काही?”

 वाक्यबाई ‘येते’ म्हणून उठल्या. दाराबाहेर आल्यावर एकोणीस वर्षांच्या सवयीने त्यांनी मनात अंक मोजायला सुरुवात केली, आणि बेचाळिसाव्या अंकाला जावईबापूंचे वाक्य कार्डावर उतरलेले होते. ‘उद्या पाचच्या आत दावा दाखल केलात, तर बसू समोरासमोर.’ स्वतःच्या गळ्याला फास लागलेला असताना बाई वाक्य टिपत होत्या. त्यांना स्वतःचीच चीड आली.

आणि मागच्या खोलीतून कोणीतरी म्हणाले, “इकडे ये. तुझीच वाट बघत होते.”

३

आबांची लेक वडिलांच्या खुर्चीचे हात फडक्याने पुसत होती. खुर्ची स्वच्छच होती. ती रोज पुसायची.

“दावा दाखल करून मोकळी झालीस,” ती म्हणाली, “आणि आता काय खोल्याखोल्यांतून भटकतेस? अजून काही न्यायचं राहिलंय का?”

“कोण म्हणालं तुला?”

“म्हणायला कशाला हवं? दहा दिवसांपूर्वी मी बसमध्ये होते. तू कोर्टाच्या फाटकातून बाहेर येत होतीस, काखेत फाईल. तेव्हाच समजले मी. मला एका शब्दाने बोलली नाहीस. बाबांचं नाव कोर्टात पुकारणार, आणि मी ते ऐकायचं.” तिने फडके खुर्चीवर आपटले. “बाबांनी तुला कमी लेखलं का गं कधी?”

“नाही गं. त्यांच्याविरुद्ध नाहीच आहे ते.”

“मग कुणाविरुद्ध? माझ्या नवऱ्याविरुद्ध? आपलं दोघींचं काय होणार मग?”

 दोघी एका वयाच्या. या खोलीत आबांच्या आजारपणात आळीपाळीने जागलेल्या. वाक्यबाईंना वाटले, हिला जवळ घ्यावे. पण हिनेच कागद घेतला असेल तर? असा विचार मनात आला, आणि आला याचीच त्यांना लाज वाटली.

“काल सकाळी तू इथेच होतीस?” त्यांनी विचारले.

“इथेच. तुझं फोनवर काहीतरी चाललं होतं, शब्द नाही ऐकू आले, भिंत जाड आहे. पण मध्येच तू कार्डांच्या खोलीच्या मागच्या दाराने बाहेर गेलीस ना? घाईघाईने?”

“मी? नाही बाई.”

“मग दार कुणाचं वाजलं?” लेकीने डोळे पुसले आणि पहिल्यांदा नीट वर बघितले. “कारण दार वाजल्यावरही तुझा आवाज येतच होता, हे मला आत्ता आठवतंय.”

४

मास्तर दुपारी दोनला आले. पंचाहत्तरी ओलांडलेले, किडकिडीत, रबरी तळव्यांचे बूट, खांद्याला पिशवी आणि पिशवीत कोऱ्या कार्डांचा पत्र्याचा डबा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते कोशासाठी वाक्ये गोळा करत. दवाखान्याचे बाक, सलूनची खुर्ची, बसचा थांबा, कुठेही जाऊन बसायचे आणि कान उघडे ठेवायचे. वाक्यबाईंच्या शेजारच्याच टेबलाशी ते एकोणीस वर्षे बसत होते. चहा दोघांत एक मागवून अर्धा अर्धा करायचा, हीही तेवढीच जुनी रीत.

त्यांना बघितल्यावर वाक्यबाईंचा बांध फुटला. कागद होता, तो हरवला, दावा दाखल करायचा होता, आता कसला करते, हे सगळे त्या एका दमात बोलून गेल्या. कुणाला तरी सांगितल्याशिवाय छातीवरचा दगड हलत नव्हता.

मास्तरांनी त्यांना पाणी दिले. स्वतः मात्र टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

“धीर सोडू नका, बाई. दावा दाखल करायला अजून दोन दिवस आहेत. दोन दिवसांत माणूस काय काय करतो.”

“तुम्हाला काय वाटतं, कुणी घेतला असेल?”

“माणूस कागद का घेतो, ते आधी बघावं,” मास्तर म्हणाले. “कधी कधी वाचण्यासाठीही घेतो.”

त्यांनी चहा मागवला, पण स्वतःचा अर्धा कप तसाच ठेवला. डोके दुखते म्हणून चार वाजताच घरी गेले. वाक्यबाईंनी सवयीप्रमाणे त्यांचे वाक्यही टिपले, लेकीचेही टिपले, आणि सहा वाजेपर्यंत अ पासून ज्ञ पर्यंतचे सगळे खण उपसले. कागद मिळाला नाही. घरी वहिनीने विचारले, चेहरा असा का? त्या म्हणाल्या, पित्त झालंय.

५

बुधवार. पाचला सात तास.

दर बुधवारी सकाळी वाक्यांची पेटी उघडायची असे. भिंतीवरच्या त्या लाकडी पेटीत ज्याने त्याने आपापली कार्डे टाकायची आणि वाक्यबाईंनी ती निवडून खणांत लावायची. त्यांनी पेटी उघडली. न उघडता बसून तरी काय करणार होत्या?

नऊ कार्डे निघाली. एका नवऱ्याने घोरण्याबद्दल बायकोला दिलेली धमकी. शेजाऱ्याच्या कुत्र्यावर दावा दाखल करू बघणारी एक म्हातारी. पाचवे कार्ड हातात आले, आणि वाक्यबाईंनी बाकीची बाजूला ठेवली.

‘गुरुवारपर्यंत दावा दाखल केला नाही, तर मी जन्मभर स्वतःच्याच पुस्तकात पाहुणी म्हणून राहीन.’

मागे लिहिले होते: एक बाई. खिडकीशी, फोनवर. सोमवार, सव्वाअकरा.

शब्दाला शब्द. काना-मात्रा इकडची तिकडे नाही. आणि अक्षर? कोशाचे, गोल, उभे. आबांची लेक लहानपणापासून हेच लिहीत होती, जावईबापू लग्नाआधीपासून, मास्तर एकोणीस वर्षे, त्या स्वतः एकोणीस वर्षे. त्यांनी कार्ड उजेडात धरले, तिरके धरले. अक्षराने तोंड उघडले नाही.

त्यांनी डोळे मिटले. वाक्य ओरडत असेल तर ऐकू नका, ते काय सांगते ते ऐका, असे आबा म्हणत. हे कार्ड काय सांगत होते? जो कपाटांआड उभा होता, त्याने ङचा खणही ऐकला होता, कारण खण आधी आला आणि हे वाक्य नंतर. म्हणजे कार्ड लिहिणारा आणि कागद नेणारा एकच. पण त्याने भाचीने केलेली दुरुस्ती काही ऐकली नव्हती. फोनमधला तिचा आवाज कपाटांपर्यंत पोहोचणार कुठून? शिवाय बाईंचे वाक्य संपल्यावर त्याने तिथे थांबणेच शक्य नव्हते. पन्नास अंकांच्या आत, बोलणाऱ्यापासून दूर जाऊन, वाक्य लिहायला हवे होते. म्हणून मागचे दार घाईघाईने वाजले. चोर पळाला नव्हता. चोर नियम पाळत होता.

म्हणजे तो अजूनही गुरुवारच धरून बसला होता.

वाक्यबाईंनी काल टिपलेली तीन कार्डे टेबलावर मांडली आणि शेजारी हे चौथे ठेवले.

‘उद्या पाचच्या आत दावा दाखल केलात, तर बसू समोरासमोर.’ जावईबापूंना बुधवार पक्का ठाऊक होता. गुरुवार लिहिणारा माणूस ते नव्हेत. आणि आळशी गृहस्थाने तीन वर्षांत एक तरी वाक्य स्वतःहून टिपले होते का?

‘दावा दाखल करून मोकळी झालीस.’ लेक तर दहा दिवस समजून चालली होती की दावा झालासुद्धा. झालेला दावा अडवायला कोण कागद चोरेल? आणि गुरुवारपर्यंत करायचा आहे हे तिने ऐकले असते, तर ती असे बोललीच नसती.

‘दावा दाखल करायला अजून दोन दिवस आहेत.’

मंगळवारी दोन दिवस. बुधवार आणि गुरुवार. पण वाक्यबाईंनी मास्तरांना वार सांगितलाच नव्हता. मुदत आहे, एवढेही सांगितले नव्हते.

बाहेर कुठे तरी एक भांडे पडल्याचा आवाज झाला. वाक्यबाईंनी गुरुवारचे कार्ड उचलून पिशवीत टाकले. बाकी दोघांपैकी कोणीही चालले असते. मास्तर नको होते.

६

मास्तर घरी नव्हते. दवाखान्याच्या बाकावर नव्हते. सलूनवाला म्हणाला, दोन दिवसांत आलेच नाहीत. घड्याळात साडेबारा, एक, पावणेदोन. वाक्यबाई रस्त्यांवरून अक्षरशः धावत होत्या, आणि भाचीचे फोन येत होते. शेवटी त्या बसच्या शेवटच्या थांब्याकडे गेल्या, तर मास्तर तिथल्या बाकावर बसलेले. डबा मांडीवर, झाकण बंद.

वाक्यबाईंनी गुरुवारचे कार्ड त्यांच्या डब्यावर ठेवले.

मास्तरांनी ते वाचले. मग पुन्हा वाचले. “वाक्य फार चांगलं होतं, बाई,” ते म्हणाले. “तीस वर्षं मुलांना भाषा शिकवली, एकोणीस वर्षं वाक्यं गोळा केली. दावा दाखल करण्याबद्दल इतकं खरं वाक्य मी ऐकलं नव्हतं. पेटीत न टाकता ठेवणं हातून झालं नाही.”

“कागद?”

त्यांनी डबा उघडला. कोऱ्या कार्डांच्या खाली कागद होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

वाक्यबाईंनी तो हिसकावून घेतला. इतकी वर्षे न चढलेला आवाज त्या दिवशी भर रस्त्यावर चढला. “का? तुम्ही का? त्या दोघांपैकी कुणी घेतला असता तर मी समजले असते! रोज अर्धा कप चहा पिता माझ्याबरोबर! चोर आहात तुम्ही, मास्तर!”

थांब्यावरची दोन माणसे वळून बघू लागली. मास्तरांनी मान खाली घातली नाही.

“शुक्रवारी देणार होतो,” ते म्हणाले. “गुरुवार गेला की. सोमवारी मी थ आणि दच्या मागे बसून कार्डं लावत होतो. तुम्ही म्हणालात, वाक्यं सगळी माझी, एकूण एक. मला वाटलं, बोलण्याच्या ओघात म्हणाल्या. म्हणून कागद काढून वाचला. आबांनीही तेच लिहिलंय. सर्वस्वी.” त्यांचा आवाज चिरकला. “छत्री नेणारा भाऊ माझ्या थांब्यावरचा, बाई. गार चहा माझ्या सलूनमधला. निम्मी वाक्यं मी आणली. पुस्तकावर तुमचं नाव आलं नाही तेव्हा मी रडलो होतो, मला वाटलं आपलं दोघांचं राहिलं. परवा कळलं, माझं राहायला मुळात कुठे नव्हतंच.”

वाक्यबाईंनी कागद उघडला. तीन आठवडे त्यांनी तो रोज वाचला होता, पाठ केला होता, त्यावर हात फिरवला होता. ‘सर्वस्वी’ हा शब्द दरवेळी कानाला गोड लागला होता. तो खोटा आहे हे त्यांच्या एकदाही मनात आले नव्हते. आबांनी अनवधानाने लिहिले असेल. त्यांनी मात्र आनंदाने वाचले होते.

त्यांच्या अंगातला राग गेला नाही. पण त्याच्याखाली दुसरे काहीतरी होते, आणि ते रागापेक्षा जड होते.

“मुदत गुरुवारी नाही संपत,” त्या म्हणाल्या. “आज संपते. पाचला.”

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. “आज? अहो, मग जा ना! बस आली बघा ती!”

“उठा,” वाक्यबाई म्हणाल्या. “तुम्हीही चला.”

७

भाचीने कोर्टाच्या जिन्यात कपाळावर हात मारून घेतला.

“मावशी, तू शुद्धीवर आहेस का? कागदात एकटीचं नाव आहे. तू स्वतः म्हणणार की निम्मी वाक्यं यांची, म्हणजे आपला एकुलता एक पुरावा अर्धा खोटा, हे आपणच सांगायचं! समोरचा वकील पेढ्यासारखं उचलेल ते. एकटीने केलास तर जिंकशील. दोघांनी केलात तर मी शब्द देत नाही.”

“बाई, ती बरोबर बोलते,” मास्तर म्हणाले. “मी खाली बसतो.”

“तुम्ही गप्प बसा, तुमच्याशी मी अजून बोलत नाहीये,” वाक्यबाई म्हणाल्या आणि भाचीकडे वळल्या. “अगं, वाक्य ऐकलं तसं लिहायचं. एवढंच येतं आम्हाला. दुसरा वादी घाल.”

पहिले पान पुन्हा टाइप करायला हवे होते. टायपिंगवाल्याकडे रांग. चार वाजून दहा. भाचीने रांगेतल्या एका गृहस्थाची अक्षरशः हातापाया पडून विनवणी केली. चार पंचवीस. शाई संपली, नवी आणली. चार चाळीस. जिन्यावर वाक्यबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा त्यांनी चप्पल हातात घेतली. मास्तर कठड्याला धरून, धापा टाकत मागून येत होते. खिडकीशी पोहोचल्या तेव्हा कारकून पेनांना टोपणे लावत होता.

“उद्या या,” तो म्हणाला.

“उद्या येऊन काय तुमचा वाढदिवस साजरा करू?” वाक्यबाई म्हणाल्या. “पाचला आठ मिनिटं आहेत. दावा दाखल करायचाय.”

कारकुनाने घड्याळाकडे पाहिले, त्यांच्या हातातल्या चपलेकडे पाहिले आणि कागद ओढून घेतले. पाने उलटली. शिक्का उचलला आणि पुन्हा ठेवला. “वादींच्या सह्या कुठायत? दोघांच्या हव्यात. इथे. आणि खाली पूर्ण नाव, स्वतःच्या हाताने.”

वाक्यबाईंनी पेन घेतले आणि लिहायला लागल्या. पहिलेच अक्षर गोल आणि उभे आले, कोशाचे. त्या थांबल्या. एकोणीस वर्षे त्या अक्षराशिवाय त्यांनी दुसरे काही लिहिले नव्हते. स्वतःचे अक्षर कसे होते, ते आठवेना. मग शाळेच्या वहीवरचे, डावीकडे झुकणारे, वेलांट्या लांबवणारे असे काहीतरी हळूहळू बोटांत परत आले, आणि त्यांनी नाव पुरे केले. थोडे वेडेवाकडे झाले.

त्यांनी पेन न बोलता मास्तरांच्या हातात दिले. मास्तर खिडकीच्या कट्ट्यावर वाकले. त्यांचे अक्षर बारीक, टोकदार होते, आणि शिरोरेघ शेवटी किंचित वर जात होती. एकोणीस वर्षे शेजारी बसून वाक्यबाईंनी ते आज पहिल्यांदा पाहिले.